गाणारी मधोमध उभी राहायला हवी

अगं बाय, परवा फोनवर म्हणालीस, "ताई, एवढे पैसे घातले, आवाज मोठा आहे, पण गाणं काही मनात शिरत नाही." मी विचारलं, स्पीकर ठेवलेत कुठे? एक टीव्हीच्या शोकेसमध्ये, खालच्या खणात. दुसरा दाराजवळच्या लोखंडी कपाटावर, कारण वायर तिथवरच पुरली. आणि तू ऐकतेस कुठून? भाकऱ्या थापता थापता, स्वयंपाकघरातून. तेव्हाच ठरवलं, हे फोनवर उरकण्यासारखं नाही, बसून लिहायला हवं. जावईबापू मोठ्या वूफरचे स्पीकर बघायला लॅमिंग्टन रोडला जायचं म्हणतायत ना, त्यांना चार दिवस थांबव. आसनगावहून गाडी पकडायची एवढी घाई नाही. स्पीकर तेच राहू देत, आपण त्यांची जागा बदलू आणि तुझीही.

चांगली लावलेली जोडी कशी ऐकू येते ते आधी सांगते, म्हणजे काय शोधायचं ते कळेल. डोळे मिटून बसलीस की गाणारी बाई दोन्ही स्पीकरांच्या मधल्या मोकळ्या जागेत उभी राहते. तिथे काहीच नसतं, नुसती भिंत, तरी गळा तिथूनच येतो. ढोलकी तिच्या डाव्या अंगाला, बासरी उजवीकडे आणि जरा मागे, कोरस लांब, भिंतीच्याही पलीकडे. दोन्ही खोकी गप्प आहेत आणि मधली हवा गातेय असं वाटलं पाहिजे. हे एकदा कानाला सापडलं की मोठ्या आवाजाची हाव आपोआप उतरते, हे मी अगदी मनापासून सांगते.

हे घडतं आपल्या दोन कानांमुळे. डावीकडून आलेला आवाज उजव्या कानाला पोचायला जास्तीत जास्त ०.६ ते ०.७ मिलिसेकंद उशीर होतो, आणि डोकं मधे येत असल्यामुळे वरचे सूर तिकडे थोडे दबून पोचतात. एवढ्याशा फरकावरून मेंदू दिशा ठरवतो. लंडनमध्ये १९३१ साली ईएमआय कंपनीतला ॲलन ब्लमलाइन नावाचा तरुण इंजिनिअर होणाऱ्या बायकोबरोबर बोलपट बघायला गेला होता, असं सांगतात. नट पडद्यावर या टोकापासून त्या टोकाला चालत जायचा, पण त्याचा आवाज एकाच जागेवरून यायचा. ते त्याला सोसलं नाही. त्याच वर्षी डिसेंबरात त्याने दोन स्पीकरांतून असं चित्र उभं करण्याच्या युक्तीचं पेटंट मागितलं. जुन्या तबकड्यांवर भोंग्यात कान लावून बसलेला एचएमव्हीचा कुत्रा असायचा ना, त्याच घरातली ही ईएमआय. ब्लमलाइन बिचारा १९४२ साली, महायुद्धात रडारची चाचणी चालू असताना विमान कोसळून गेला. स्टीरिओच्या तबकड्या घरोघर जायला १९५८ उजाडलं. त्याला ते बघायला मिळालं नाही, याची मला फार चुटपुट लागते.

आता कामाला लागू. सुतळी घे. दोन स्पीकरांच्या मधे सहा फूट अंतर ठेव. तेवढीच सुतळी डाव्या स्पीकरपासून तुझ्या नाकापर्यंत आली पाहिजे, तेवढीच उजव्यापासून. तिन्ही बाजू सारख्या, असा त्रिकोण. स्टुडिओत गाणं जुळवणारी माणसंही साधारण अशाच त्रिकोणात बसतात, म्हणून त्यांनी बासरी जिथे ठेवली तिथेच ती तुला सापडते. स्पीकर याहून फार लांब नेलेस तर मधे भगदाड पडतं. फार जवळ आणलेस तर सगळे वाजवणारे एकमेकांच्या अंगावर चढतात.

सुतळीचा एवढा आग्रह का, तर आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे एका मिलिसेकंदात ३४ सेंटीमीटर, फुटाला जरा वर. त्या त्रिकोणात बसून तू फूटभर डावीकडे सरकलीस की डाव्या स्पीकरचा आवाज उजव्याच्या जवळजवळ १ मिलिसेकंद आधी येतो. तेवढ्यावर गाणारी मधली जागा सोडते आणि डाव्या खोक्यात जाऊन बसते. उजवा बंद पडला की काय असं वाटतं, पण तो तेवढ्याच जोरात चालू असतो.

सप्ताहाच्या मंडपात हे तू लहानपणापासून ऐकलं आहेस. कीर्तनकार मधे उभे, भोंगे दोन्ही बाजूंना. आपण बायका डावीकडे बसलो की सगळं कीर्तन डाव्या भोंग्यातून येतं, उजवा असून नसल्यासारखा. हेल्मुट हास नावाच्या जर्मन संशोधकाने १९४९ साली याचाच अभ्यास मांडला. जो आवाज आधी पोचतो त्याच्याकडेच कान वळतो, आणि त्याच्या मागोमाग, तीसेक मिलिसेकंदांच्या आत आलेला तोच आवाज त्यात मिसळून जातो. मंडपवाला दोन्ही भोंग्यांत एकच आवाज सोडतो ते बरोबरच करतो. तिथे शेकडो माणसं बसलेली असतात आणि बरोबर मधे येणारी जागा एखादीच असते. हळदीच्या डीजेच्या भिंतीचंही तेच. त्यांचं काम निराळं, तुझ्या हॉलचं निराळं. म्हणून डीजे ऐकून स्पीकर निवडायचे नाहीत, हे जावईबापूंना हळूच सांग.

आणि आता एक मनातलं. ही मधली जागा घरात एकच असते, आणि आपल्या घरांत ती बाईच्या वाट्याला येत नाही. खुर्ची सासऱ्यांची, सोफा पाहुण्यांचा, तू भिंतीपलीकडे. तिकडे दोन्ही स्पीकरांचा आवाज एकाच दारातून येतो, त्यामुळे डावं-उजवं त्या चौकटीतच संपलं. तू आजवर गाणी पुष्कळ ऐकलीस, पण हे चित्र तुला कुणी दाखवलंच नाही. दुपारी घर जरा कलंडतं तेव्हा अर्धा तास त्या जागेवर बस. हातात निवडायला भाजी घेऊ नकोस. कुणी विचारलं तर सरळ सांग, गाणं ऐकतेय. त्यात लपवण्यासारखं काही नाही.

सासूबाई कुरकुरतील असं वाटत असेल तर पहिल्या दिवशी त्यांनाच तिथे बसव. एखाद्या अभंगाचं अलीकडचं, नीट केलेलं ध्वनिमुद्रण लाव, ज्यात टाळ एका बाजूला आणि पखवाज दुसऱ्या बाजूला आहे. आवाज बोलण्याइतकाच ठेव. त्यांनी मान वळवून टाळ कुठे वाजतोय ते शोधलं की पुढच्या सगळ्या हलवाहलवीला त्यांची परवानगी मिळाली असं समज.

उंचीचं एक बघ. कंपन्यांच्या पुस्तकात सोफ्यावर बसणारा माणूस धरलेला असतो. आपण खाली बसतो. मांडी घालून बसलीस की तुझा कान जमिनीपासून साधारण अडीच फुटांवर, खुर्चीत बसलीस की साडेतीनच्या आसपास. वरचा छोटा ट्वीटर कानाच्या उंचीला आला पाहिजे, कारण वरचे सूर सरळ रेषेत जातात आणि दिशा बरीचशी त्यांच्यावरून कळते. कपाटावरचा स्पीकर तुझ्या डोक्यावरून गातोय आणि खणातला गुडघ्यांशी. एकाच उंचीची दोन स्टुलं घे. स्टूल दीड फुटाचं आणि ट्वीटर खोक्याच्या बुडापासून फूटभर वर असेल तर खाली बसून ऐकायला बरोबर जमतं. स्टूल डुगडुगू देऊ नकोस.

जागा जमली की परीक्षा घ्यायची. १९५० च्या दशकातलं एखादं मराठी भावगीत लाव, किंवा १९५५ साली पुणे आकाशवाणीवरून सुरू झालेल्या 'गीतरामायणा'चं त्या काळचं ध्वनिमुद्रण मिळालं तर ते. तेव्हाचं रेकॉर्डिंग मोनो, म्हणजे दोन्ही स्पीकरांत अगदी सारखाच आवाज. जोडी नीट लागली असेल तर गाणारा आणि सगळी वाद्यं दोन स्पीकरांच्या बरोबर मधे, एका अरुंद पट्ट्यात उभी राहतील. आवाज डावीकडे झुकला तर तो स्पीकर इंच-दोन इंच मागे घे. गळा कुठूनच येत नाही, सगळीकडे पसरल्यासारखा लागतोय आणि खालचे सूर गेलेत, असं झालं तर मागच्या वायरी बघ. एका स्पीकरची लाल आणि काळी उलट लागली की एकाचा पडदा पुढे येताना दुसऱ्याचा मागे जातो आणि दोघं एकमेकांचे खालचे सूर खाऊन टाकतात. बायका या वायरींना हात लावायला घाबरतात. अँपचं बटण बंद केलंस, प्लग काढलास की घाबरण्यासारखं काही नाही, लाल ती लालला, काळी ती काळीला. आणि नवी गाणीसुद्धा सगळीच मधे ऐकू आली तर फोनच्या सेटिंगमध्ये 'मोनो ऑडिओ' चालू राहिलं आहे का ते बघ.

आता खोली. इकडे मुरबाडचं आपलं जुनं घर आठव. वर कौलं, वासे, माळ्यावर पेंढा, माजघरात कणगी, भिंत कारवीच्या कुडाची. आवाज कुठेही सपाट आपटायचा नाही. कुडाची भिंत हलकी, खालच्या सुरांना स्वतः थोडी हलते आणि त्यातले काही जिरवते. उरलेले कौलांच्या फटींतून बाहेर. त्या ओटीवर साधा रेडिओसुद्धा गोड लागायचा, त्याचं मोठं श्रेय घराला. तुमचा शहापूरचा हॉल १० बाय १२, खाली टाइल्स, वर स्लॅब, भिंतींना ऑइल पेंट. मधे उभी राहून एक टाळी वाजव. टाळीमागून टर्रर्र असा बारीक आवाज ऐकू येतो ना? समोरासमोरच्या उघड्या भिंती तो आवाज एकमेकींकडे फेकत राहतात. गाण्याचंही तेच होतं. स्पीकरमधून निघालेला सूर तुझ्याकडे सरळ येतो, आणि मागोमाग बाजूच्या भिंतीवर आपटून दुसऱ्यांदा येतो. दोघांत अंतर थोडं, म्हणून वेगळा प्रतिध्वनी असा ऐकू येत नाही. पण बासरीची जागा पुसट होते, गाणारी पसरट होते.

यावर उपाय आरशाचा. तू तुझ्या जागेवर बस, पोराला हातआरसा घेऊन बाजूच्या भिंतीला लावत चालायला सांग. आरशात तुला स्पीकरचा ट्वीटर दिसला की तिथे पेन्सिलने खूण करायची. त्या जागेवर जाड काहीतरी टांग. पातळ पडद्याने फक्त अगदी वरचे सूर शोषले जातात. आईने शिवलेली चार थरांची गोधडी, नाहीतर म्हशाच्या यात्रेतून आणलेली घोंगडी चालेल. भिंतीला चिकटवण्यापेक्षा चार बोटं पुढे टांगलीस तर जास्त काम करते. समोर जमिनीवर सतरंजी टाक. मागच्या भिंतीशी पुस्तकांची किंवा डब्यांची मांडणी असली तर असू दे, उंचसखल काहीही असलं की आवाज फुटतो आणि ते बरंच असतं.

दोन्ही बाजू सारख्या असणं मात्र फार महत्त्वाचं. तुझ्याकडे एका स्पीकरच्या शेजारी भिंत आहे आणि दुसऱ्याच्या शेजारी उघडं दार. भिंतीकडचा आवाज भरीव होतो, दाराकडचा निघून जातो, आणि गाणारी भिंतीकडे कलते. म्हणून माझं म्हणणं, ती बारा फुटी भिंत घे, जिच्यावर नुसतं कॅलेंडर आहे. देव्हारा हलवायची गरज नाही. दोन स्पीकर सहा फूट लांब ठेवलेस की दोन्हीकडे तीन-तीन फूट मोकळे राहतात. त्यांच्या पाठीमागच्या भिंतीपासून दीड फूट पुढे ओढ. मग तुझी जागा त्याच भिंतीपासून पावणेसात फुटांच्या आसपास येते आणि तुझ्या पाठीमागे तीनेक फूट राहतात. हे सोयीचं आहे, कारण दहा फूट खोलीच्या अगदी मधे बसलं की एक खालचा सूर जवळजवळ नाहीसा होतो आणि मागच्या भिंतीला टेकून बसलं की तोच घुमतो. स्पीकरांची तोंडं तुझ्या खांद्यांकडे जराशी वळव. फार वळवलीस तर चित्र आखूड होतं, अजिबात न वळवता ठेवलीस तर बाजूच्या भिंतींना जास्त खाद्य मिळतं. थोडं थोडं फिरवून बघ, तुझ्याच कानाला कळेल.

कोपऱ्यात मात्र कधीही कोंबू नकोस. खालचे सूर खोक्यातून पुढेच जात नाहीत, ते चहूकडे पसरतात. भिंत जवळ आली की ते परत फिरून पुढच्यांत मिसळतात. कोपऱ्यात दोन भिंती आणि खाली जमीन, तिन्हींची भर पडते. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटतं, काय दणका आहे! पण त्या दणक्याखाली गाणाऱ्याचे शब्द बुडतात. खणात ठेवण्याचं दुखणं वेगळं, खण स्वतःच पोकळ पेटी बनून घुमतो. दुसरी सोयच नसेल तर निदान स्पीकर खणाच्या पुढच्या कडेपर्यंत ओढून घे.

मोठ्या वूफरचा हट्ट का नको तेही सांगते. स्पीकरचा पडदा जेवढा मोठा, तेवढा तो वरच्या सुरांचा झोत करतो, समोर फेकतो आणि बाजूला देतच नाही. १२ इंची पडदा १००० हर्ट्झच्या थोडं वरच हे करायला लागतो, आणि माणसाच्या बोलण्यातली, गाण्यातली स्पष्टता तर तिथून पुढेच असते. तुझ्या पाच इंची वूफरला हा त्रास बऱ्याच वर, अडीच हजारांच्या पुढे सुरू होतो, आणि तिथे काम छोट्या ट्वीटरकडे सोपवलेलं असतं. म्हणून तुझी जोडी लहान असूनही लहान खोलीत चित्र जास्त चांगलं काढेल. वूफरच्या बरोबर वर ट्वीटर असतो तोही मुद्दाम. दोघंही एकच सूर देतात त्या मधल्या पट्ट्यात, स्पीकर आडवा झोपवलास तर जरा डावं-उजवं हललीस तरी आवाजाचा रंग बदलतो. उभा आहे तो उभाच ठेव. खोक्याच्या धारदार कडांवरूनही आवाज फुटून पुन्हा निघतो, म्हणून चांगले बनवणारे कडा गोल करतात. पुढच्या वेळी दुकानात गेलात तर कडांवरून हात फिरव, खोक्याला बोटाने टकटक कर. पोकळ डबडब वाजला तर तो गाण्यातही वाजणार.

आणि जोडी ती जोडी. दोन्ही स्पीकर एकाच बनावटीचे, एकाच वेळचे हवेत. औताला एक खिल्लारी आणि एक गावठी बैल जुंपला तर नांगर एका अंगाला ओढला जातो, तसं गाणंही ओढलं जातं. एकाचा ट्वीटर जळला आणि दुरुस्तीवाल्याने हाताला लागेल तो बसवला, तर दुसऱ्यातही तसाच बसवून घे. तुझ्या जावेने घेतलाय तो एकसंध ब्लूटूथ डबा वाईट नाही, स्वयंपाकघरात उत्तम. पण त्यातल्या दोन पडद्यांत फूटभर अंतर. दोन मीटर लांब बसलं की ते सगळं मिळून ८-९ अंशांत मावतं, आपल्या त्रिकोणासारख्या साठ अंशांत नाही.

आपल्याकडच्या पावसाचं लक्षात ठेव. माहुलीकडून सरी उतरायला लागल्या की चार महिने घरात ओल. काही स्पीकरांच्या पडद्याभोवतीची कड फोमची असते, ती दमट हवेत काही वर्षांनी भुगा होते. रबराची असेल तर टिकते. बोटाने हलकेच दाबून बघ. बाहेरच्या भिंतीला ओल येते तिथे स्पीकर टेकवू नकोस, आणि वायरी जमिनीवरून नेशील तिथे उंदरांचा विचार कर.

शेवटी वरच्या मजल्याचं, कारण त्याला घाई आहे. मागच्या खेपेला म्हणालीस, वर एक खोली काढतोय, १० बाय १०, उंचीही १०. असा सारख्या मापांचा ठोकळा गाण्याला सगळ्यांत वाईट. दहा फुटांच्या दोन भिंतींत ५६ हर्ट्झच्या आसपासचा सूर अडकून घुमतो, बास गिटारची एक मोकळी तार ५५ ला लागते. तिन्ही मापं सारखी असली की तिन्ही दिशांना तोच सूर घुमणार, आणि नंतर गोधड्या टांगून तो जात नाही. मधली आडवी भिंत अजून उठली नाही ना? मग उंची १० धरून रुंदी साडेअकरा आणि लांबी चौदा, असं काही बसतंय का ते गवंड्याबरोबर बघ. एवढं जमलं नाही तरी तिन्ही आकडे वेगवेगळे ठेवा. आणि वायरमनला सांग की ज्या भिंतीशी स्पीकर येणार तिथे दोन्ही कोपऱ्यांपासून सारख्या अंतरावर दोन पॉइंट हवेत आणि स्पीकरच्या वायरींसाठी खालून एक वेगळा पाइप टाकायला हवा. प्लास्टर झालं की तो भिंत फोडायला तयार होणार नाही, म्हणून उद्या सकाळी तो कामावर आला की लगेच बोल.